बिरजाईचा भाता

आपल्या आजाच्या आजालाही जी जुनी वाटायची, ती ही गोष्ट. तेव्हा कुकडटोल्यात लोखंड बाजारातून येत नसे, डोंगरातून येई. माणसं काळा-तांबडा जड दगड फोडून आणत. मातीच्या भट्टीत तो दगड आणि कोळसा थरावर थर भरत आणि खालून पायभात्याने वारा देत. आधी मळी वितळून वाहायची, मग तळाशी लोखंडाचा गोळा बसायचा. पण मध्येच वारा थांबला, तर सगळं एकात एक गोठून जाई आणि लोखंड हाती लागत नसे. म्हणून भात्यावरच्या माणसाला कुणी हाक मारायची नाही आणि त्यानेही कुणाला ओ द्यायची नाही, अशी रीत होती.

एका हिवाळ्यात गावाला वाघ लागला. भातेवाल्या दसरूला त्याने नेलं, तेव्हा मागे सापडलं फक्त पागोटं. वाघाने खाल्लेला माणूस वाघाच्या पाठीवर बसतो आणि आपल्याच माणसांना हाका मारतो, असं म्हणतात. ज्याने ओ दिली, तो गेला.

गावात होते ते भाले वाघामागे मोडून गेले होते. नवे करायला लोखंड हवं, म्हणून भट्टी लावायची ठरली. भात्यावर कोण? दसरूची बायको बिरजा पुढे आली.

सकाळी भट्टी पेटली. दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं आणि धुक्यात वाघाचा वास आला. आपले बापे मोठे शूर! हातातल्या टोपल्या टाकून सगळे मोहाच्या झाडावर. बिरजा एकटीच खाली राहिली. पाय थांबवले तर जाळ बसणार आणि वाघ झेप घेणार. लोखंड गेलं तर उद्या कुणाचं तरी लेकरू जाणार. ती पाय चालवत राहिली.

मग धुक्यातून हाक आली.

"बिरजा वो!"

आवाज दसरूचाच होता.

"पाय दुखले असतीन तुये. थांब नं जरा."

बिरजाने भात्यावर पाय आणखी जोरात दाबला.

"हा भाता मीच शिवला होता नं? तुयासाठी पायाचा पट्टा सैल ठेवला. आठवते का?"

हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. बिरजा ढसाढसा रडली, पण पाय थांबला नाही. भट्टीभोवती पावलं फिरत राहिली. जाळापलीकडून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले.

शेवटी मळी वाहून गेली. बिरजा झाडाकडे तोंड करून ओरडली, "लोखंड उतरलं! या आता, गोळा काढा!" मग धुक्याकडे वळून हळूच म्हणाली, "आली जी."

धुकं विरलं, तेव्हा बिरजा नव्हती. भाता मात्र खाली-वर होत होता, असं म्हणतात, आणि त्यावर कुणीच नव्हतं. त्या लोखंडाचा पहिलाच भाला वाघाला लागला. मेलेल्या वाघाच्या पाठीवर दोन जागी केस दबलेले होते, जशी माणसं बसून उठावीत तसे.

आता त्या भट्ट्या गेल्या. आमच्या लोहाराकडे विजेचा पंखा वारा देतो. तरी रोज पहिला वारा लोहार पायभात्यानेच देतो, बिरजाईच्या नावाने. आणि धुक्याच्या दिवशी रानातून ओळखीच्या आवाजात हाक आली, तर कुकडटोल्याचा माणूस ओ देत नाही. मान खाली घालून चालत राहतो आणि स्वतःशीच म्हणतो, "भाता सुरू हाये."

मीही एकदा म्हटलं आहे. आवाज माझ्या आईचा होता.