गेनबाची सनई आणि तीन बाजार

एक होता राजा. पण त्याला राहू दे त्याच्या महालात, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? त्याच्या मुलखात एक सनईवाला होता, गेनबा. त्याची ही गोष्ट. हुंकार द्या हं, नाहीतर मीच झोपून जाईन.

गेनबा इतकं गोड वाजवायचा, की विहिरीवरच्या बायकांच्या घागरी भरून वाहायच्या, तरी त्यांना कळायचं नाही. पण स्वभाव भारी लाजरा! लग्नात सनईवाला बसतो मांडवाच्या दाराशी, आणि सगळ्यांचे डोळे नवरीकडे. त्यातून कुणी नाव विचारलंच, तर हा मान खाली घालून गप्प. आपल्या तोंडानं आपलं नाव कसं सांगायचं! मग काय, लोक त्याला विसरले. बोलावणी येईनाशी झाली.

एके दिवशी काय झालं, तो सनई पुसत बसला होता, तर सनईच बोलली! हो, बोलली. हसू नका. म्हणाली, "गेनबा, येत्या तीन बाजारांत कुणीतरी तुला नाव घेऊन वाजवायला बोलावलं पाहिजे. नाहीतर मी कायमची मुकी होईन."

गेनबानं सनई छातीशी घट्ट धरली. त्याचा सगळा जीव त्या सनईत होता, बरं का.

मग आला पहिला बाजार. गेनबा गेला खरा, पण बसला कुठे? पिंपळाच्या मागे, लपून! वाजवायला लागला आणि सगळा बाजार थांबला. लोक म्हणाले, "अगं बाई, पिंपळच गातोय!" मग त्यांनी पिंपळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले आणि गेले आपापल्या घरी. गेनबाच्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडासुद्धा आला नाही. आणि सनईचा आवाज अर्धा बसला.

मग दुसरा बाजार. आता गेनबानं दवंडीवाल्याला गाठलं. म्हणाला, "माझ्याबद्दल बोल बाबा काहीतरी. चांगलं मोठं बोल." तो काय, बोलायलाच बसलेला! ढम् ढम् ढम्! "ऐका हो ऐका! गेनबाच्या सनईनं आटलेली म्हैस दूध देते!"

झालं! लोक आले चरव्या घेऊन, म्हशी घेऊन. गेनबानं वाजवलं, जीव ओतून वाजवलं. म्हशींनी कान हलवले, दूध काही दिलं नाही. सूर कुणी ऐकलाच नाही, सगळे बघत होते चरवीत. "थापाड्या कुठला!" म्हणून निघून गेले. गेनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सनई आता नुसती कुजबुजत होती.

घरी येऊन तो रडला. तेव्हा त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, बाजारातली ती काकडीवाली बघा. झाडामागे लपते का? काकडी खाऊन म्हातारा तरणा होतो, असं म्हणते का? 'माझ्या मळ्यातली आहे, खाऊन बघा' म्हणते आणि एक फोड हातावर ठेवते. तुम्हालाच कसली एवढी लाज?"

मग तिसरा बाजार. गेनबा भर बाजारात उभा राहिला. म्हणाला, "मी गेनबा. सनई वाजवतो. लग्नात वाजवतो, बारशालाही येतो. जरा ऐकून बघा." आणि थोडंसंच वाजवलं. आवाज इतका बारीक, की लोकांना जवळ यावं लागलं. जवळ आले आणि तिथंच थांबले.

पण बोलावेना कुणी! दिवस कलला, दुकानं उठायला लागली. गेनबाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात एक कासारीण बांगड्यांची टोपली डोक्यावर घेता घेता थांबली. म्हणाली, "गेनबादादा, माझ्या धाकटीचं लग्न आहे. तुम्ही याल ना वाजवायला?"

आणि काय सांगू! सनईनं असा सूर सोडला, असा सूर सोडला, की वेशीपलीकडची गुरंसुद्धा माना वळवून बघायला लागली. गेनबा रडत होता आणि हसतही होता.

कासारीण तर घरोघरी चुडे भरायला जायची. जिथं लग्न, तिथं ती. "आमच्या गेनबादादांना ऐकलं नाहीत?" म्हणायची. मग बोलावण्यांना काय तोटा! गेनबा, सगुणा आणि सनई सुखात राहिली.

आता मिटा डोळे. आणि शेवंते, तू गं! परवा बाईंनी "कोण गाणार?" विचारलं, तेव्हा तू बाकाखाली वाकून बसलीस म्हणे. मला कळतं सगळं. उद्या उभं राहायचं, नाव सांगायचं आणि गायचं. चल, पांघरूण घे.