अस्वलिणीचा वास

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका रानात, ओढ्याकाठच्या कपारीत एक म्हातारी अस्वलीण राहत असे. तिची स्वतःची पिलं मोठी होऊन केव्हाच आपापल्या वाटेने गेली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला घाणेरीच्या झुडपात कुत्र्याचं एक इवलंसं पिल्लू सापडलं. कुणाचं, कुठलं, देव जाणे! भुकेने पोट अगदी पाठीला लागलेलं. अस्वलिणीने त्याला उचललं आणि अस्वलाच्या जातीत पोरांना बसवतात तसं सरळ पाठीवर बसवलं. तेव्हापासून त्याचं घर तेच. ती मोहाची फुलं वेचायला जावो की वारूळ उकरायला, पिल्लू आपलं तिच्या केसांत पाय रोवून बसलेलं. "अस्वलाने कुत्रं पाळायचं? काय बाई ही हौस!" म्हणून माकडिणी फिदीफिदी हसायच्या. हसेनात का! म्हातारीचा सगळा जीव त्या पिल्लात होता.

थोड्याच दिवसांत समोरच्या टेकडीवर एक बिबट्या राहायला आला. मुलांनो, बिबट्याला कुत्रं किती आवडतं, हे रानात कुणाला शिकवावं लागत नाही. एका दुपारी स्वारी कपारीच्या तोंडाशी हजर! अस्वलिणीने दोन पायांवर उभं राहून, ओरडून ओरडून त्याला हुसकावलं खरं, पण जाता जाता तो म्हणाला, "म्हातारे, तुला डोळ्यांनी धड दिसत नाही, तोंडात दात नाहीत. कधी तरी डुलकी लागेलच की तुला!" ह्या पोराला आता दुसरं घर बघायला हवं, हे अस्वलिणीला कळलं, आणि कळल्याबरोबर ती मटकन खाली बसून रडू लागली.

तिने साळिंदराला विचारलं. ते म्हणालं, "माझ्या काट्यांशेजारी निजेल का ग तो?" तेही खरंच. शेवटी कावळ्याने बातमी आणली, "मावशी, माळावर धनगर मेंढरं घेऊन उतरलेत. त्यांच्या कुत्रीची पिलं यंदा जगली नाहीत. तिला विचार." कुत्री ओढ्यावर पाणी प्यायला आली तेव्हा अस्वलिणीने तिला गाठलं. कुत्री म्हणाली, "दे मावशी, पोटच्यासारखं सांभाळीन. आमच्या गळ्यात काटेरी पट्टे असतात. बिबट्या आमच्या वाटेला जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वलिणीने पिल्लाला चाटून चाटून ओलं केलं, आपल्या मानेला, पाठीला घासून घासून घेतलं. अस्वलांची रीतच तशी. पोर लांब पाठवायचं, तर अंगावर आईचा वास चोळून पाठवायचं, म्हणजे त्याला परकं वाटत नाही. म्हातारीने मायेनेच केलं हो सगळं. पण कुत्रीबरोबर पिल्लू मेंढरांत शिरलं मात्र, एकच हलकल्लोळ उडाला. अस्वलाचा वास! मेंढरं बुजली, वाट फुटेल तिकडे उधळली. बाकीचे कुत्रे पिल्लावर तुटून पडले. संध्याकाळी ते फाटका कान घेऊन, आपल्या आईच्या वासाचा माग काढत कपारीत परत आलं आणि तिला बघून शेपूट हलवू लागलं. खोटं कशाला सांगू, अस्वलिणीला आधी आनंदच झाला. आलं ग बाई माझं लेकरू! मग त्याच्या कानाचं रक्त तिच्या जिभेला लागलं, आणि तिची मान खाली गेली.

पाठोपाठ कुत्री आली. "मावशी, ह्याच्या अंगाला तुझा वास आहे तोवर मेंढरं ह्याला जवळ करणार नाहीत. आणि तुझा वास येतोय तोवर हाही आमच्याकडे टिकणार नाही, सारखा इकडेच पळेल. वाटेत बिबट्या बसलाय, ठाऊक आहे ना?"

सकाळी अस्वलिणीने रिठ्याची वाळकी फळं गोळा केली, ओढ्यात पिल्लाला बसवलं आणि फेस काढून काढून त्याला धुतलं. पिल्लाला वाटलं, खेळच चाललाय! ते पाणी उडवत होतं, तिचं नाक चाटायला उड्या मारत होतं, आणि ती मान मागे घेत होती. धुऊन झाल्यावर सवयीने ते तिच्या पाठीवर चढू लागलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर गुरगुरली. "हो बाजूला! कोण रे तू?" पिल्लू बिचारं घाबरून जागीच बसलं. कुत्रीने त्याला मानेला धरून उचललं आणि माळाकडे नेलं. अस्वलिणीने त्याच दिवशी कपार सोडली. तिथून वारा माळाकडे वाहायचा. पोरापर्यंत आपला वास पोचू नये, म्हणून ती पार पलीकडच्या दरीत राहायला गेली.

वर्ष सरलं. करवंदं पिकायच्या सुमारास मेंढरं पुन्हा माळावर उतरल्याचं कावळ्याने सांगितलं, आणि म्हातारीला राहवेना. ठेचकाळत ती माळाच्या कडेला आली आणि जाळीआड उभी राहिली. मेंढरांपुढे एक दांडगा कुत्रा उभा होता. गळ्यात काटेरी पट्टा, एक कान फाटका. एवढ्यात वारा फिरला. त्याने नाक वर केलं, फाटका कान टवकारला. म्हातारीच्या मनात आलं, ओळखतो की काय आपल्याला?

पण कुत्र्याने दात विचकले. "कोण आहे रे तिकडे? माझ्या मेंढरांजवळ आलात तर याद राखा!"

जाळीजवळच बसलेली धनगरांची कुत्री पुढे झाली. तिने मात्र अस्वलिणीला बरोबर ओळखलं होतं. "मावशी, थांब, मी सांगते त्याला."

"नको ग बाई," अस्वलीण म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "किती छान भुंकतो ग! बिबट्याची काय टाप आहे आता!" एवढं बोलून ती वळली आणि दरीची वाट उतरू लागली. माळावरून बराच वेळ त्याचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकत ती सावकाश चालत होती.

तात्पर्य : जीव लावला म्हणून लेकराने आपली ओळख ठेवलीच पाहिजे, असा हट्ट धरू नये; ते सुखरूप राहिलं, की माया सार्थकी लागली.