दोर कुणी धरायचा?

खूप खूप वर्षांपूर्वीची, अगदी डोंगरांनाही नावं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका, कारण गोष्ट खरी तुमचीच आहे.

एका उंच कड्यावर एक गाव होतं. त्या गावाची रीत काय भन्नाट होती म्हणून सांगू! मूल बारा वर्षांचं झालं की वसंतातल्या जत्रेत त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला कड्यावरून खाली सोडायचे. कड्याच्या पोटात एक गुळगुळीत खडक होता. तांबड्या मातीत हात बुडवून त्या खडकावर आपला पंजा उमटवायचा आणि वर यायचं. पंजा उमटला की ते मूल गावसभेत बसणार, बोलणार, आणि त्याचं म्हणणं गावाला ऐकावंच लागणार. पंजा उमटत नाही तोवर मात्र त्याच्या शब्दाला काडीची किंमत नसायची.

वर दोर कुणी धरायचा, हे खाली उतरणारं मूलच सांगायचं. मुलं बहुतेक आईचं नाव घ्यायची, नाहीतर बापाचं.

याच गावात तानू नावाची मुलगी राहत होती. तिचा बाप म्हणजे दोर धरण्यातला वस्ताद. ज्या मुलांना आईबाप नव्हते, ती सगळी त्याचंच नाव घ्यायची. त्याच्या हातून आजवर एकही मूल निसटलं नव्हतं. गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं.

पण हाच माणूस घरात शिरला की भाकरी करपली म्हणून मार, घागर हिंदकळली म्हणून मार, आणि काहीच घडलं नाही तरी मार. तानूची आई ती तान्ही असतानाच वारली होती. घरात ही दोघंच.

लहानपणी तानू सरसर झाडावर चढायची, दिवसभर गात असायची. आता ती बोलताना अडखळायची. कुणी डोकं खाजवायला हात वर केला, तरी अंग चोरायची. गाव म्हणायचं, "पोर जरा मंदच निघाली." तिचं रडणं गल्लीभर ऐकू जायचं, तेव्हा गाव म्हणायचं, "इतका पक्का दोर धरणारा माणूस! तो काय पोटच्या पोरीचं वाईट करणार?" असली कसली ही अक्कल! मला तर त्या गावाचा अस्सा राग येतो!

तर तानू बारा वर्षांची झाली. जत्रा भरली. ढोल दणाणले, पिपाण्या वाजल्या, पोरं खांद्यांवर चढून बसली. तांबड्या मातीची वाटी तानूच्या कमरेला बांधली. बापानं तळहात चोळून दोर उचललासुद्धा.

गावची म्हातारी पाटलीण रिवाजाप्रमाणे पुढे आली. "सांग पोरी, दोर कुणी धरायचा?"

तानूनं बापाच्या हातांकडे पाहिलं. नाव घेतलं नाही तर उतरायची संधी जाणार, आणि आणखी एक वर्ष तिचं कुणी ऐकणार नाही. तिनं डोळे मिटले.

"बा... बाबानं नको."

ढोल थांबले. गावानं तोंडात बोट घातलं.

बाप हसला. "घाबरली पोर. अगं, माझ्या हातून कधी कुणी पडलंय का?"

"मी तिला विचारतेय, तुला नाही," पाटलीण म्हणाली.

"नाही पडलं कुणी," तानू म्हणाली. "पण खाली गेल्यावर वर बघावं लागतं ना. वर ते हात दिसले, की... की माझे हात कापतात. पंजा कसा उमटवू?"

"मग कुणी धरायचा?"

"शेजारच्या मावशीनं."

लोक चुळबुळले. ती घोंगड्या विणणारी किडकिडीत बाई? दोर धरणार?

"तीच का गं?" पाटलिणीनं विचारलं.

"तिच्या घरी माझ्या हातून दुधाचं गाडगं फुटलं होतं," तानू म्हणाली. "तर ती म्हणाली, पायाला खापर लागलं का गं बाळा?"

मावशी डोळे पुसतच पुढे आली. तिनं बापाच्या हातातून दोर घेतला. मग ती गावाकडे वळली. "भिंतीला भिंत लागून राहते मी. सगळं ऐकत होते आणि गप्प बसले. तुम्हीही ऐकलंत. आता माझ्या एकटीचं बळ पुरायचं नाही. येता का मागं?"

आधी कुंभारीण आली. मग लोहार आला. मग काय, रांगच लागली! दोराला बोट टेकवायला जागा उरली नाही.

तानू उतरू लागली. वारा सुटला, दोर हलला, वरच्या माणसांनी तो आणखी घट्ट धरला. तिनं वर पाहिलं. मावशी तिच्याकडेच बघत होती. तानूनं मातीत हात बुडवला आणि खडकावर थाप मारली. पंजा उमटला! ढोल असे कडाडले की कड्यावरची पाखरं उडाली.

वर येताच तानू गावसभेपुढे उभी राहिली. अजूनही अडखळतच म्हणाली, "मला त्या घरी... राहायचं नाही. मावशीकडे राहायचंय." ऐकण्यावाचून गावाला गत्यंतर नव्हतं, आणि या वेळी गावाला ऐकायचंही होतं.

पाटलीण म्हणाली, "तसंच होईल. आणि ऐका रे, आजपासून मुलाचं ऐकायला पंजाची वाट बघायची नाही. रांगतं पोर रडलं, तरी ते गावसभेत बोललं असं धरायचं."

तानू मावशीकडे राहायला गेली. तिची भीती एका दिवसात गेली नाही, बरं का. पण हळूहळू ती न अडखळता बोलू लागली, आणि एका सकाळी मावशीला अंगणातून गाणं ऐकू आलं.

पुढच्या जत्रेत तानूचा बाप सगळ्यांच्या पुढे तळहात चोळत उभा होता. एकामागून एक मुलं कड्याशी आली. त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

तात्पर्य: धाकात मूल खुरटतं आणि मायेत वाढतं, न भिता वाढणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि घर तो जपत नसेल तर गावानं जपायचा असतो.