भट्टीमागचा चाफा

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात गिरजा नावाची एक भडभुंजीण राहत होती. तिच्या घरातच भट्टी होती. कढईत वाळू तापवायची, तिच्यात चणे नाहीतर तांदूळ परतायचे आणि फुटाणे, चुरमुरे, लाह्या काढायच्या, हे तिचे काम. वाळू किती तापली आहे हे ती नुसता हात वर धरून सांगत असे.

गावात भैरोबाचे देऊळ होते आणि देवळापुढे एक जुना देवचाफा. चैत्रातल्या जत्रेत देवाची पालखी त्या चाफ्याखाली टेकायची. वरून एखादे फूल पालखीवर पडले की लोक म्हणायचे, देव बोलला. त्याच झाडाखाली गिरजाच्या सासूने, आणि तिच्याआधी तिच्या सासूने, चुरमुऱ्यांची पथारी मांडली होती. गिरजाचे वर्षातले निम्मे पोट जत्रेच्या त्या दोन दिवसांवर भरत असे.

एका कार्तिकात अवेळी वादळ झाले आणि चाफा मुळासकट आडवा पडला. खोड आतून पोकळ झाले होते. गावाने त्याच्या शाबूत राहिलेल्या सातच फांद्या कापून घेतल्या, कारण फांदी लावली की चाफा येतो हे सर्वांना ठाऊक होते. दादू गुरवाने त्यांतल्या सहा त्याच दिवशी देवळाच्या अंगणात रोवल्या. सातवी वाकडी होती. ती कुणीतरी मंडपाच्या कोपऱ्यात टाकून दिली.

देवाच्या झाडाच्या फांद्या त्या! दर्शनाला येणारा प्रत्येक जण त्यांच्यावर तांब्याभर पाणी घालू लागला. सकाळी घाली, संध्याकाळी घाली. त्यात डोंगरावरची थंडी. माती वाळेचना. महिनाभरात सहाही फांद्या बुडाशी मऊ पडल्या. बोटाने दाबले की काळे पाणी यायचे.

“देवाची मर्जी,” दादू गुरव म्हणाला.

पौषात गिरजा देवाला लाह्या वाहायला गेली, तेव्हा मंडपातली वाकडी फांदी तिच्या पायाला लागली. फांदी सुरकुतली होती. कापलेले टोक वाळून दगडासारखे झाले होते. गिरजाने नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. चिकाचा पांढरा थेंब हळूच वर आला.

ती तिथेच खाली बसली. सगळ्या गावाने ज्यांची सेवा केली त्या सहा फांद्या कुजून गेल्या होत्या, आणि जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते ती जिवंत होती.

फांदी पदराखाली घेऊन ती पाटलांच्या ओसरीवर गेली. तिथे दादू गुरव आणि चार माणसे बसलीच होती.

“ही मला द्या,” ती म्हणाली. “माझ्या भट्टीमागच्या भिंतीशी थंडी शिरत नाही. तिथं लावते.”

“चाफा म्हणजे काय फुटाणे वाटले तुला, भाजायला?” पाटील म्हणाले. ओसरी हसली.

“भाजत नाही, पाटील. ऊब देते.”

“शेवटची आहे ही. मेली तर?”

“तर जत्रेतली माझी जागा मी सोडेन.”

हसू थांबले. पाटलांनी फांदी तिला दिली.

गिरजाने अरुंद तोंडाचे एक मडके घेतले आणि बुडाला भोक पाडले. आपली जुनी कोरडी वाळू आणि थोडी माती कालवून त्यात भरली. फांदी रोवली, वर एकदाच पाण्याचा हबका मारला. मग घरातले मांजर हिवाळाभर जिथे निजत असे, नेमकी ती जागा तिने मडक्याला दिली. मांजर चार दिवस रुसून बसले.

खरे काम त्यापुढे सुरू झाले. गावाला वाटले, आता देव गिरजाच्या घरी आहे. फुटाणे घ्यायला येणारे तांब्या घेऊन येऊ लागले. गिरजा त्यांना दारातच थांबवू लागली. एके सकाळी पाटलांच्या म्हाताऱ्या आई, बयाकाकी, काठी टेकत आल्या. थंडीने त्यांची बोटे निळी पडली होती, तरी तांब्यातला थेंब सांडला नव्हता.

“सर बाजूला. पाणी घालू दे.”

“नको, काकी.”

“लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या चाफ्याला पाणी घातलंय. आणि तू कालची पोर मला अडवतेस?”

“अडवते. काकी, त्याला अजून मुळं नाहीत. मुळं म्हणजे झाडाचं तोंड. तोंडच नसलेल्याला पाणी पाजलं तर ते पीत नाही, बुडतं.”

“माझ्या हातच्या पाण्यात विष आहे, असं म्हण की सरळ!” बयाकाकी म्हणाल्या आणि भरला तांब्या घेऊन माघारी गेल्या.

 गिरजाने मात्र दार सोडले नाही. त्या दिवसापासून तिच्याकडून फुटाणे घेणारे कमी झाले.

माघ सरत आला आणि फांदीच्या शेंड्याला पोपटी पाने फुटली. चार दिवसांनी पानांच्या मध्ये कळ्यांचा एक लहानसा घोसही आला. बातमी घरोघर पोचली. दादू गुरव ढोलवाले घेऊनच दारात उभा राहिला.

“गिरजे, जिंकलीस! परवा शिवरात्र. वाजतगाजत नेऊ आणि देवळापुढं लावू.”

गिरजा मडक्याकडे पाहत राहिली. सगळे गाव दारात होते. तिच्यावर रुसलेले लोकही हसत होते. फक्त ‘हो’ म्हणायचे होते.

“अजून नाही,” ती म्हणाली. “ही पानं मुळांनी दिलेली नाहीत. कांडीत जो चीक साठलाय, त्याच्यावर फुटलीत. तेवढ्यावर फूलसुद्धा उमलेल. मग कांडी रिकामी होईल आणि मरेल.”

“मुळं नाहीत हे तुला काय ठाऊक? उपटून बघ.”

“आलेली असली तर शेवयांसारखी मोडतील.”

आणि सगळ्यांच्या देखत तिने तो कळ्यांचा घोस नखाने खुडला.

ढोलवाल्याच्या हातातली टिपरी तशीच राहिली. “देवाचं फूल खुडलंस!” दादू ओरडला.

“देवाचं झाड जगावं म्हणून खुडलं, गुरवकाका. त्या फुलाचं अन्न मुळांकडं जाऊ दे.”

मागून पाटलांचा आवाज आला, “जत्रेच्या दिवशी बघू. जागेचं बोलणं लक्षात आहे ना?”

“आहे.”

फाल्गुनात उरलेली पानेही पिवळी होऊन गळली. मडक्यात नुसती वाकडी काठी राहिली. आता मात्र गिरजा मनातून हलली. आपण चुकलो तर? एका दुपारी तिने तांब्या भरला आणि मडक्यापाशी जाऊन उभी राहिली. हात पुढे झाला. मग तिने स्वतःलाच म्हटले, “गिरजे, तहान तुला लागलीय, त्याला नाही.” आणि ते पाणी ती घटाघटा प्यायली. कधी आठवड्याने, वाळू अगदी कोरडीठाक झाली की, ती ओंजळभर पाणी शिंपडायची. ऊन पडले की मडके खिडकीत ठेवायची, ऊन सरले की भिंतीशी. त्याहून जास्त काही करायचे नाही, हे तिने रोज नव्याने ठरवले. काही करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होते!

जत्रेच्या सकाळी ती मडके कडेवर घेऊन देवळापुढे आली. लोकांनी वाट करून दिली, आणि तिने मडके जमिनीवर ठेवताच ते आत डोकावून हसू लागले.

“काठीच आणलीस की गं,” पाटील म्हणाले. “जत्रेत कुत्री हाकायला का?”

दादू गुरवाला हसू आले नाही. त्याला संताप आला होता. “गावाची शेवटची फांदी! फूल आलं होतं तिला!” तो पुढे झाला आणि काठी उपटून फेकायला त्याने ती मुठीत धरून वर ओढली.

“काका, हळू!” गिरजा किंचाळली.

काठी निघाली नाही. काठीबरोबर अख्खे मडके जमिनीवरून वर उचलले गेले आणि दादूच्या मुठीखाली लोंबकळत राहिले. बुडाच्या भोकातून पांढऱ्या मुळांची जुडी बाहेर डोकावत होती.

 दादूने दोन्ही हात लावून मडके हलकेच खाली टेकवले. मग तो वाकला, शेंड्याकडे निरखून पाहू लागला. टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता.

“आता लावू या,” गिरजा म्हणाली.

पाणी साचू नये म्हणून तिने जमिनीवर खडीमातीचा उंचवटा करून घेतला. मडके दगडाने फोडले आणि मुळांभोवतीची वाळू न विस्कटता चाफा त्यात बसवला. माती दाबून झाल्यावर पाच-पन्नास तांबे पुढे आले. गिरजाने ते सगळे थांबवले आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या बयाकाकींचा हात धरून त्यांना पुढे आणले.

“घाला, काकी. आता त्याला तोंड आलंय.”

म्हातारीने तांब्या वाकडा केला. पाणी मातीत झरझर मुरून गेले.

त्या वर्षी पालखी एका उघड्या काठीशी टेकली. फूल पडले नाही. गिरजाने काठीशेजारी पथारी पसरली, वर चुरमुऱ्यांचा ढीग ओतला.

“जागा तुझीच,” पाटील म्हणाले. “पण सावली कुठाय?”

काठीची बोटभर रुंद सावली जमिनीवर पडली होती. गिरजाने चुरमुऱ्यांचे माप उचलून त्या सावलीत ठेवले.

“ही काय, पाटील. यंदा एवढी. पुढं वाढेल.”

तात्पर्य: जे जगवायचे असेल, ते आपल्या उतावळ्या मायेपासूनही राखावे लागते; मुळे धरेपर्यंत जो फुलांचा आणि टाळ्यांचा मोह आवरतो, त्याच्याच हातून झाड उभे राहते.