कापसाच्या साखरेची खीर

"मग गोड का लागत नाही रे, विश्वंभर?"

रायभानबाबांनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं. पंगतीत एकदम सामसूम झाली.

त्याचं असं की, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या मठात प्रसादाला कुणी नाव ठेवत नाही. खारट होवो, करपो, कपाळाला लावायचा आणि 'वा' म्हणून खायचा, अशी तिथली रीत. म्हणून तर अख्खी पंगत मघापासून ती मिळमिळीत खीर भुरकत 'वा वा' करत होती. आणि आमचे विश्वंभरराव त्यातली प्रत्येक 'वा' खरी धरून फुगत होते. मठातच लहानाचा मोठा झालेला माणूस, पण त्या घटकेला रीत साफ विसरला होता.

बाबांनीच त्याला रसायनशास्त्र शिकायला शहरात धाडलं होतं. आज तो परत आला तो कापसापासून केलेल्या साखरेची बरणी घेऊन. आदल्या दिवशी शहरात त्याचा सत्कार झाला होता. त्यातली शाल त्यानं एवढ्या उकाड्यातही खांद्यावरून काढली नव्हती. आल्या आल्या तो स्वयंपाकघरात शिरला, स्वयंपाक करणाऱ्या गिरजाबाईंचा साखरेचा डबा बाजूला सारला आणि आपली बरणी खिरीत रिकामी केली. गिरजाबाईंनी चव तरी बघू दे म्हटलं, तर नैवेद्याआधी चव घेतात का, म्हणून त्यानं त्यांनाच सुनावलं.

शाली त्याला पुष्कळ मिळाल्या होत्या. पण बाबांनी आजवर एकदाही त्याला 'शाबास' म्हटलं नव्हतं. तेवढ्या एका शब्दासाठी तो आला होता.

"गोड आहे, बाबा," तो म्हणाला. "फक्त... कमी."

"किती कमी?"

"बरीच."

गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि ही साखर केली कशी, ते सांग म्हणाले. मग काय, विश्वंभरची कळी खुलली. कापूस म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ती आम्लात मुरवायची, तोडत न्यायची, आणि दोन-दोन कणांच्या जोड्या उरल्या की हात आवरायचा. मग धुवायचं, गाळायचं, पुन्हा पुन्हा स्फटिक करायचे. त्या जोडीचीच ही साखर, तिचं नाव सेलोबायोज. मोड आलेल्या धान्यात जी साखर असते, तिच्यातही हेच दोन कण. पण तिथे दोघं सरळ शेजारी बसतात. इथे एक सरळ आणि दुसरा उलटा.

"एवढाच फरक?"

"एवढाच. पण ही उलटी गाठ, कडब्यात असते तीच, माणसाच्या पोटाला सोडवता येत नाही."

"म्हणजे अंगी लागत नाही."

"...नाही."

अंगणात मोरणी गाय कडबा चघळत उभी होती. बाबांनी तिच्याकडे बोट केलं. तिला बरी ती गाठ सुटते?

तिलाही नाही सुटत, विश्वंभर म्हणाला. तिच्या पोटात बारीक बारीक जीव वस्तीला असतात, ते सोडवतात. ती त्यांना फक्त राहायला जागा देते आणि दोन वेळचा चारा घालते.

"म्हणजे तिनंही मठच काढलाय म्हण की," बाबा म्हणाले आणि पंगत खदखदून हसली.

विश्वंभरही हसला. पण हसता हसता त्याची नजर वाट्यांवरून फिरली. कुणाचीच धड संपली नव्हती. आणि मग त्याला रीत आठवली... त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतका वेळ आपण कसल्या 'वा वा'वर फुगत होतो, हे लक्षात येऊन त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं शाल खांद्यावरून काढली आणि घडी करून मांडीवर ठेवली.

"गोडही नाही, अंगीही लागत नाही," बाबा म्हणाले. "मग हिचं करतात काय?"



"डॉक्टर नेतात," विश्वंभर म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात सत्काराचा सूर नव्हता. "आतड्याच्या दुखणाईताला पाण्यातून पाजतात. आतडं धड असेल तर ही कुठंही न शिरता पुढे निघून जाते. आतड्याला कुठं पाझर फुटला असेल, तर तिथून रक्तात उतरते आणि मग लघवीत सापडते. जितकी सापडेल, तितका पाझर."

"अंगी लागत नाही म्हणून कळतं?"

"हो. अंगी लागली असती, तर काहीच कळलं नसतं."



बाबांनी वाटी पुन्हा उचलली. घोट घोट घेत सगळी खीर संपवली आणि बोटानं वाटी पुसून घेतली. विश्वंभर कळवळून म्हणाला की बाबा, पुरे, पोटात गुबारा धरेल. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं बघून पंगतीनंही निमूटपणे वाट्या उचलल्या, आणि या वेळी 'वा' कुणी म्हटलं नाही.

हात धुऊन बाबा आले आणि विश्वंभरच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"शाबास," ते म्हणाले.

विश्वंभरला क्षणभर वाटलं, आपल्याला भास झाला. मग छातीतून काहीतरी ऊन ऊन वर आलं, डोळे भरले. मान आपोआप ताठ झाली. हात मांडीवरच्या शालीकडे गेला.

बाबा त्या हाताकडे बघत होते.

"आता बघ बरं," ते हळूच म्हणाले, "ही शाबासकी आत कुठं पाझरतेय का."