कवठी चाफ्याचा तंबू

"पण ह्या तंबूची चेन आतनं उघडती का रं?"

अक्कांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जयदीपला हसू आवरेना.

"आत झाड असतं अक्का. त्याला कुठं बाहेर यायचंय?"

अक्का हसल्या नाहीत.

गगनबावड्याच्या वाटेवर एका लहानशा मठात त्या चाळीस वर्षं राहतात. प्रवचन करत नाहीत, मंत्र देत नाहीत. कुणी काही विचारलं तर बहुतेक वेळा उलटा प्रश्नच करतात, म्हणून पुष्कळ लोक एकदा येतात ते पुन्हा फिरकत नाहीत. जयदीप इंगवले मात्र सहा वर्षं येतोय. कारखान्यात बॉयलरचे मीटर सांभाळणारा इंजिनिअर. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे एक मिनिटही न विसरणारा. असा शिष्य म्हणजे गुरूच्या डोक्याला ताप, हे माझं मत. अक्कांचं मत मला माहीत नाही.

मठामागं एक कवठी चाफा होता. अक्कांच्या गुरूंनी लावलेला. फुलायचा तेव्हा पहिलं फूल गुरूंच्या समाधीवर जायचं. गेल्या वर्षी त्याचं मूळ कुजलं. झाड जाणार हे दिसल्यावर अक्कांनी पाच फांद्यांना ओली माती बांधून ठेवली, मुळं फुटावीत म्हणून. चार फांद्या वाळल्या. एकीला मुळं फुटली.

ते वीतभर रोप जयदीपनं मागून घेतलं होतं.

"मठात ना उजेडाचा नेम, ना हवेचा. तिथं हे जगायचं नाही. मी ग्रो टेंट घेतोय, घरात झाडं वाढवायचा तंबू. एकदम शास्त्रशुद्ध वाढवतो."

"पैल्यांदाच करतूयास?"

"पहिल्यांदा असलं म्हणून काय झालं? सगळं वाचलंय मी."

अक्कांनी रोप त्याच्या हातात दिलं. "शेवटचं हाय," एवढंच म्हणाल्या.

याला चाळीस दिवस झाले. आज डोळे तपासायला त्या कोल्हापुरात आल्या आणि तिथून थेट त्याच्या घरी, चौथ्या मजल्यावर.

मागच्या खोलीत तो तंबू उभा होता. कपड्यांच्या कपाटाएवढा, काळ्या जाड कापडाचा, चहूबाजूंनी बंद. आतून चंदेरी, असं जयदीपनं सांगितलं. वर दिवा टांगलेला. खाली हवा आत यायला झरोका, वर ती बाहेर फेकायला पंखा. पंखा त्यानं अगदी हळू ठेवला होता, आतला ओलावा उडू नये म्हणून. दिव्याजवळ यावं म्हणून रोप स्टुलावर चढवलं होतं.

"आणि हे बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. "उष्णता सव्वीस. ओलावा सत्तर. आत यंत्र ठेवलंय, ते दर मिनिटाला सांगतं. सगळं हिरव्यात. काही बिघडलं तर आकडा लाल होतो."

"आन् झाड?"

"झाड उत्तमच असणार."

"असणार?"

"नऊ दिवस उघडलंच नाही मी. पाणीसुद्धा नळीनं आपोआप जातं. उघडलं की आतली हवा बिघडते."

अक्कांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला…

"उघड."

"अक्का, आत्ताच सांगितलं ना…"

"मला आत बसायचंय."

जयदीपला वाटलं, थट्टा आहे. पण अक्कांनी काठी सरसावली होती आणि चेन वर ओढायलाही लागल्या होत्या. आतून असा पांढराफेक उजेड आला की त्याचे डोळे दिपले. त्यानं मान फिरवली आणि मोबाईलकडं बघितलं. ओलावा अडुसष्ट… पासष्ट…

"लवकर, अक्का! घसरतोय!"

अक्कांनी रोप उचललं, स्टुलावर बसल्या आणि कुंडी मांडीत घेतली. जयदीपची नजर अजून आकड्यावरच होती.

"चेन लाव."

"म्हणजे… तुम्ही आत असताना?"

"झाड आत असताना लावलीस न्हवं?"

त्यानं लावली. शहात्तर वर्षांच्या बाईला आपण कापडात कोंडतोय हे त्याला समजत होतं. तरी हात चालला. "गुरूंची आज्ञा होती ना," असं त्यानं नंतर मला सांगितलं. मला ते पटलं नाही. आकडा पुन्हा सत्तरवर यावा याची त्याला घाई होती.

आकडा आला सत्तरवर. जयदीपला बरं वाटलं.

पाच मिनिटं झाली.

"अक्का, बरं वाटतंय ना?"



उष्णता सव्वीस. त्यानं स्वतःशीच मान हलवली. सव्वीसमध्ये कुणाला काय होतंय?

दहा मिनिटं.

"अक्का…?"

आतून फक्त पंख्याची घरघर येत होती. मौनात असतील, असं त्यानं ठरवलं. त्या मठातही तासन् तास बोलत नाहीत. आकडा हिरवाच होता.

मग आत काठी पडली.

जयदीपचा हात चेनकडं गेला. तरीही, आणि हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता, त्यानं आधी मोबाईल बघितला. सव्वीस. सत्तर. हिरवं.

"अक्का! बोला ना!"



त्यानं मोबाईल टाकला आणि चेन ओढली. ती अडकली. त्यानं दोन्ही हातांनी कापड ओरबाडलं. आतून बॉयलरच्या खोलीसारखी वाफ तोंडावर आली.

अक्कांची मान तंबूच्या दांडीवर कलली होती. लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं, चेहरा लालभडक, डोळे मिटलेले. डोक्यावर वीतभर अंतरावर तो दिवा.

 जयदीप गुडघ्यांवर बसला. अक्कांच्या नाकाशी बोटं धरली. काही कळेना. तळहात कपाळाला लावला. मनगट धरलं, नाडी सापडेना, सोडलं, पुन्हा धरलं. कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि आपलाच श्वास रोखून धरला.

गेल्या. मीच मारलं त्यांना.

एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मग कानाला बारीक ऊब लागली.

"पाणी आण," अक्का म्हणाल्या.

त्यांना कुंडीसकट बाहेर भिंतीशी टेकवून, दोन तांबे पाणी देऊन झाल्यावर जयदीप तंबूकडं वळला. त्यानं दिव्याखाली हात धरला आणि चटकन मागं घेतला. त्याचं ते यंत्र खाली कोपऱ्यात, हवा आत येणाऱ्या झरोक्याच्या तोंडाशी पडलेलं होतं. तिथं खोलीतली गार हवा लागत होती. चाळीस दिवस ते झरोक्याची खबर देत होतं. माझ्यासारख्या अडाण्यानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. हा माणूस रोज बॉयलरचे मीटर सांभाळतो!

आणि मग त्यानं अक्कांच्या मांडीतल्या कुंडीकडं पाहिलं. आज पहिल्यांदा.

शेंडा काळा पडला होता. पानं कडेपासून भाजून तपकिरी झालेली, चार गळून मातीवर. खाली, देठापाशी, एकच पान उरलं होतं. ते हिरवं होतं की पिवळं, हेही चटकन सांगता येईना.

जयदीपला रडू फुटलं. तोंड झाकायचंही त्याला सुचलं नाही.

"घेऊन जा अक्का. माझ्या हाती देऊ नका पुन्हा. तुमच्या गुरूंचं झाड…"

अक्कांनी कुंडी उचलली आणि त्याच्याच मांडीवर ठेवली.

तो हबकला. कुंडीला हात लावायचा त्याला धीर होईना.

"हे… जगेल का, अक्का?"

अक्कांनी पदरानं मान पुसली. खाली पडलेला मोबाईल पायानं बाजूला सारला.

"मी जित्ती हाय का, हे मघाशी कुणाला इचारलंस?"