कुसुंबी तळं

देवीच्या टेकडीखालचं खारं तळं चैत्रात आटू लागलं की गुलाबी होतं. शिकलेले पाहुणे म्हणतात, हे खाऱ्या पाण्यातल्या शेवाळामुळे. भिकोबा गुरव ते शांतपणे ऐकून घेतात आणि मग देवळाच्या पायरीवर टेकून साळूची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी या काठावर रंगाऱ्यांचं एक घर होतं म्हणे. थोरली सून साळू, धाकटी चिमा. करडईच्या पाकळ्यांचा रंग काढावा तर साळूनंच. पाकळ्या आधी साध्या पाण्यानं धुवायच्या, म्हणजे पिवळा निघून जातो. मग राखेच्या खारात मळायच्या, तेव्हा कुठे तांबडा सुटतो. शेवटी चिंचेचं पाणी दिलं की तो कापडावर बसतो. चैत्राच्या यात्रेला देवी नेसायची ते कुसुंबी लुगडं अकरा वर्षं साळूनंच रंगवलं होतं.

बाराव्या वर्षी सासूनं पांढरं लुगडं चिमाच्या हातात दिलं. "साळू, तुझ्या हातचं देवी पुष्कळ नेसली. आता हिच्या हातचं बघू दे की तिला."

साळू हसली, पण त्या दिवशी पान तसंच सारून उठली. चिमा पाकळ्या धुताना गुणगुणायची, तेही तिला सोसवेना. येणाऱ्याजाणाऱ्या बाया टोपलीत डोकावून म्हणायच्या, "अगंबाई, किती निगुतीनं धुतल्यात!" साळूला वाटे, अकरा वर्षांत माझ्या टोपलीत कुणी डोकावलं नाही.

यात्रेच्या आदल्या दुपारी चिमा जेवायला बसली. साळूनं धुतलेल्या पाकळ्यांची टोपली उचलली आणि तळ्यात उपडी केली. जन्मभर खार कालवणाऱ्या बाईला एवढं सुचलं नाही, की हे तळंच खारं आहे. पाकळ्या बुडेनात म्हणून तिनं त्या हातांनी दाबल्या मात्र, बोटांमधून तांबडा सुटला. आधी काठ रंगला, मग मधलं पाणी. कोपरापर्यंत लाल झालेले हात आता लपवणार कुठे?

चिमा धावत आली. तिनं तळं पाहिलं, मग ते हात पाहिले. "जाऊबाई, मागितली असतीत तर दिली असती की टोपली."

"दिली असतीस. म्हणूनच नाही मागितली," साळू म्हणाली.

चिमानं डोळे पुसले, लुगडं आणलं आणि एक टोक साळूच्या अंगावर टाकलं. "धरा. उद्या देवी काय नेसेल?"

दोघींनी ते तळ्यात बुडवलं, चिंचेच्या पाण्यातून काढलं. तसा रंग पुन्हा कुणाला साधला नाही, असं सांगतात. सासूनं विचारलं, "कुणी गं रंगवलं?" दोघींनी दोन टोकं धरून लुगडं तिच्यापुढं पसरलं. साळूच्या हातांचा रंग मरेपर्यंत गेला नाही म्हणे, आणि तळ्याचा तर अजून दर चैत्रात वर येतो.

आजही यात्रेच्या आदल्या दुपारी देवीचं लुगडं दोन जावाच तळ्यात बुडवतात, समोरासमोर उभ्या राहून. एकटीला हात लावू देत नाहीत. लुगडं पाण्यातून वर येतं, बाया हात जोडतात, आणि तेवढ्यात थोरली हळूच धाकटीच्या टोकाकडे बघून घेते, तिकडे रंग जास्त तर चढला नाही ना.